पट्ट्यावरची खाट

“काका, तुमच्याकडं मरायचं असेल तर परवानगी कोणाची लागते?”

विभावरी हे विचारूच शकणार नाही, अशी तिच्या मैत्रिणींनी, शकु आणि बेबीनं, पैज लावली होती. तिनं विचारलं, तेही थेट व्यवस्थापक भाऊरावांना. विजय नगरच्या त्या वृद्धाश्रमात शाळेच्या मुली शनिवारी दुपारी आज्यांशी गप्पा मारायला येत. दाराआड दोघी तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. भाऊराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, जरा विचार केला.

“आजारानं असेल तर विनता सिस्टरला विचार, बेटा. म्हातारपणानं असेल तर मला.”

ते थट्टा करत नव्हते. जेवण, आंघोळ, अंथरूण भाऊरावांच्या संस्थेकडं होतं आणि गोळ्या-सुया दवाखान्यानं पाठवलेल्या सिस्टरकडं. भांडणं नकोत म्हणून हॉलच्या मधोमध फरशीवर पिवळा पट्टा ओढला होता. अलीकडं तब्येत, पलीकडं देखभाल. सिस्टर ताटाला शिवत नसे, भाऊराव गोळीला.

प्रमोदिनी आजींची खाट तेवढी पंख्याखाली यावी म्हणून नेमकी पट्ट्यावर सरकवलेली. डोकं तब्येतीत, पाय देखभालीत. रोज इन्सुलिनची सुई टोचून झाली की आजी सरकत सरकत पायथ्याशी जात आणि तिथं जेवत. त्या दिवशी सुई झाली, पण आजींना उठवेना. भाऊरावांची जेवणाची गाडी पट्ट्यापाशी येऊन थांबली.

“ताट पुढं न्या ना, काका,” विभावरी म्हणाली.

“कसं नेऊ? तोंड तिकडं आहे. तोंड सिस्टरचं.”

“भरवणं माझ्याकडं नाही,” सिस्टर म्हणाली. “मी सुई दिली, टाइमावर दिली.”

“मग मी काय पायाला भरवू?”

आजींना दरदरून घाम फुटला. हात लटलटायला लागले. “पोरी, डोळ्यापुढं अंधारून राहिलं गं,” त्या म्हणाल्या.

“शुगर उतरून राहिली यांची,” सिस्टर म्हणाली. “लगेच साखर पाहिजे.”

“मग द्या ना!” विभावरी ओरडली.

“साखर किचनची आहे.”

विभावरीचं हसू कुठल्या कुठं गेलं. तिनं शकुला आणि बेबीला आत ओढलं, आणि तिघींनी मिळून आजींसकट खाट गर्रकन फिरवली. डोकं देखभालीत आलं. त्याबरोबर भाऊराव इतक्या मायेनं पुढं झाले, की विचारू नका. साखरेचं पाणी पाजलं, मग वरणभाताचे मऊ घास भरवले. इकडं सिस्टरही खूश झाली. तिच्या हद्दीत आलेले सुजलेले पाय ती आनंदानं दाबून बघू लागली.

“छान जमलं,” भाऊराव म्हणाले. “रोज असंच करत जाऊ.”

“पण खाट फिरवेल कोण?” सिस्टरनं विचारलं.

दोघंही पंख्याकडं बघत बसले.

आजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. त्यांनी विभावरीचं बोट धरलं. “उद्या तू नसशील ना गं?”

विभावरीला उत्तर घरी पोचेपर्यंत सुचलं. चपला न काढताच ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, बाबा, उद्यापासून दुपारी मी घरी जेवणार नाही. शाळा सुटली की प्रमोदिनी आजींकडं. सुई झाली रे झाली, की आम्ही दोघी जेवणार. रविवारीही. आई, डबा दोघींचा देशील, पोळ्या मऊ कर.”

“अच्छा,” बाबा म्हणाले. “आणि ते लोक तुला बसू देतील काय?”

“मी पट्ट्यावरच बसणार आहे, बाबा. तिथं कोणाचंच चालत नाही.”