कपाटातली छप्पन्न व्हायोलिनं

मिस्त्रींनी दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखत होते हे काही खोटं नव्हतं. पण व्हायोलिन काय कुणी गुडघ्यांनी दुरुस्त करतं? खरं दुखणं कानांचं होतं. चाळीस वर्षं लोकांची वाद्यं जुळवून देणाऱ्या माणसाला वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे झाले होते. एका जुन्या गिऱ्हाइकाने दुरुस्त करून नेलेलं वाद्य दुसऱ्याच दिवशी परत आणलं, टेबलावर ठेवलं आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. महिन्याभरात मिस्त्रींनी दुकानाची किल्ली घरमालकाच्या हातात दिली.

कानांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायको असती तर तिने दोन दिवसांत ओळखलं असतं, पण ती जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बोटीवर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रावर. घरात ते आणि सून, दोघंच. सून बोलायची हळू, आणि तेही बहुतेक वेळा पाठमोरी, हातातलं काम करता करता. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत येईतो नुसती कुजबुज उरायची. हिला आपल्याशी बोलायचंच नसतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हातारा गळ्यात पडलाय म्हणून सांभाळते बिचारी. मग तेही जेवण उरकलं की पेपर तोंडासमोर धरून बसायचे.

सून गाण्याची मास्तरीण. त्या वर्षी तिला शिक्षण खात्यात घेतलं आणि शहरातल्या नि आसपासच्या सव्वीस सरकारी शाळांतलं संगीत आणि चित्रकला तिच्या गळ्यात घातली. पहिल्याच महिन्यात तिने सव्वीसच्या सव्वीस शाळा पायाखाली घातल्या. चित्रकलेचं कसंबसं निभत होतं. रंग संपले तर पोरं खडूने, कोळशाने काढत होती. संगीताचा तास मात्र चारच शाळांत व्हायचा. बाकीकडे वाद्यं होती, पण कपाटात. कुठे नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, कुठे फुटक्या फुटबॉलच्या शेजारी. तारा तुटलेल्या, खुंट्या हरवलेल्या, एकाच्या पोटात तर उंदरीण बाळंत झालेली.

"वाजणारी वाद्यंच नाहीत तर तास कसला घेता?" तिचे साहेब म्हणाले. "येती सुट्टी संपेपर्यंत काही झालं तर ठीक, नाहीतर तो तास गणिताला देऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस्त्रींच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. समोर उभी होती म्हणून त्यांना कळलं तरी.

"बाबा, शाळांची व्हायोलिनं आहेत. तुम्ही एकदा बघाल का?"

"गुडघे कुठे साथ देतात आता."

"बसून करायचं काम आहे ना, बाबा?"

"सांगितलं ना, सोडलं मी ते!"

आवाज नको तेवढा चढला. सुनेचा चेहरा उतरला आणि ती आत गेली. मिस्त्रींना वाटलं, उठावं, काहीतरी बोलावं. पण मग कानांचं सांगावं लागलं असतं. ते बसूनच राहिले.

तरी दोन दिवसांनी शिक्षण खात्याचा टेम्पो दारात आलाच, कारण ऑफिसच्या गोदामाचं छप्पर गळत होतं आणि वाद्यं ठेवायला दुसरी जागा नव्हती. टेम्पोच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. तो कानात सांगायला गेला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई.

"मिस्त्री! ही मढी कुठं ठेवू?"

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मिस्त्रींना एखाद्या माणसाचं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकू आलं. त्यांना इतकं बरं वाटलं की ते चटकन म्हणाले, "मढी कशाला म्हणतोस रे? ठेव तिथे भिंतीशी. उभी नको, आडवी ठेव."

छप्पन्न व्हायोलिनं. पुढची खोली भरून गेली. तीन दिवस मिस्त्री त्यांच्याकडे न बघता अंग चोरून येत-जात राहिले. चौथ्या दिवशी सून कामाला गेल्यावर त्यांनी वाटेतलं एक बाजूला करायला उचललं, तर आत काहीतरी गडगडलं. आवाज नाही आला, हाताला कळलं. व्हायोलिनच्या पोटात एक बारीक उभी काडी असते, वरच्या-खालच्या लाकडाला तोलून धरणारी. ती पडली होती. ती उभी केल्याशिवाय वाद्याला आवाज नाही. मिस्त्रींनी पलंगाखालची पेटी ओढली, वाकडी सळई काढली आणि पाच मिनिटांत काडी जागेवर बसवली. हात काही विसरले नव्हते.

मग त्यांना राहवेना. सून गेली की पेटी बाहेर, ती यायच्या आत पेटी आत. कुठे सरस लावला, कुठे तारांना उचलून धरणारी घोडी घासून नीट बसवली, कुठे खुंटी नवी कोरली. अकरा वाद्यं अशी चोरून झाली. पण तारा चढवल्यावर घोडं तिथेच अडायचं. जुळवणार कसं? मग ते वाद्याचं वळलेलं टोक दातांत धरत, डोळे मिटत आणि तार छेडत. जाड तारा हाडातून डोक्यात घुमायच्या, नीट कळायच्या. सगळ्यात बारीक तार मात्र दातांना नुसत्या गुदगुल्या करून निघून जायची.

एका दुपारी ते असेच व्हायोलिन चावत बसले होते. डोळे उघडले तर समोर सून! कागद विसरले म्हणून मधेच घरी आली होती, आणि केव्हाची उभी होती कुणास ठाऊक.

"मी दार वाजवलं," ती म्हणाली. "दोनदा हाक मारली."

मिस्त्रींनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"ऐकू येत नाही गं मला," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

सून मटकन समोरच्या खोक्यावर बसली. तिचे डोळे भरून आले, पण ती जे बोलली ते मिस्त्रींच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावलेले नव्हता?"

"रागावलेला? मी? कशासाठी?"

"स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर द्यायचा नाहीत. दिवसभरात काय झालं ते सांगायला लागले की पेपर उघडायचात. मला वाटायचं, सासूबाई होत्या तसं घर मला ठेवता येत नाही, म्हणून बोलत नाही तुम्ही. रोज ठरवायचे, आज विचारू. मग धीर व्हायचा नाही."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं ही पोर या घरात असं ओझं घेऊन वावरत होती, आणि आपण इकडे आपलंच दुःख कुरवाळत होतो!

"अगं वेडे, मला वाटायचं तुलाच माझ्याशी बोलायचं नसतं. तू आपली त्या भांड्यांशी बोलतेस."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मग खोकं ओढून त्यांच्या अगदी समोर आली. "बरं, आता अशी बोलू?"

"अशी बोल. आणि मघापासून काय काय सांगायचं राहिलंय ते सगळं सांग."

"मघापासून? दोन वर्षांचं राहिलंय, बाबा." त्या दिवशी ती ऑफिसला परत गेलीच नाही.

कानांचा प्रश्न भोंग्यामुळे सुटला. तो तारांची पाकिटं द्यायला आला तेव्हा सून एक व्हायोलिन जुळवत होती. तो दारातूनच ओरडला, "बाई, ती शेवटची अजून खाली आहे! थोडी ताणा!" सुनेने हार्मोनियमवर सूर धरून तपासलं. खरंच खाली होती.

"तुला रे काय कळतं यातलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"वीस वर्षं इंजिन ऐकतोय, मिस्त्री. कुठला नट ढिला आहे ते बसल्या जागी सांगतो. ही तर चारच तारांची गाडी!"

तेव्हापासून दुपारची फेरी संपली की भोंगा मिस्त्रींसमोर मांडी घालून बसू लागला. मिस्त्री खुंटी पिळायचे, तो "वर... वर... अहो पुरे!" करून घर डोक्यावर घ्यायचा. शेजारीण दोनदा भांडण सोडवायला म्हणून धावत आली. संध्याकाळी सून शेवटचा हात फिरवायची. सुट्टी संपली तेव्हा एक्केचाळीस व्हायोलिनं वाजत होती. पंधरा काही उठली नाहीत. त्यांचे सुटे भाग बाकीच्यांच्या उपयोगी पडले.

एक्केचाळीस म्हणजे सव्वीस शाळांना पुरणार नव्हती, हे उघडच होतं. सुनेने शाळांचे गट पाडले. वाद्यं भोंग्याच्या टेम्पोतून आज या शाळेत, उद्या त्या शाळेत. साहेब आधी नाक मुरडत होते. तिने त्यांना घरी आणून पुढची खोली दाखवली. त्यांनी भिंतीशी ओळीने ठेवलेल्या वाद्यांतलं एक उचलून तार छेडली. मग म्हणाले, "वर्षभर बघू." तेवढ्यावर संगीताच्या चार शाळांच्या पंधरा झाल्या. हातकामाचे तीन मास्तर शनिवारी मिस्त्रींकडे शिकायला यायला लागले, कारण पोरांच्या हातात वाद्य गेलं की ते मोडणारच. मिस्त्रींनी डॉक्टरकडे जाऊन कानाचं यंत्रही बसवून घेतलं. पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं म्हणून कुरकुरले, पण काढून ठेवलं नाही.

पहिल्या तासाला सुनेने त्यांना बरोबर नेलं. वर्गात तिसरी-चौथीची अठ्ठावीस मुलं, हनुवटीखाली व्हायोलिन दाबून, श्वास रोखून उभी. सुनेने हात वर केला आणि सगळ्यांनी एकदम मोकळ्या तारेवर गज ओढला. मिस्त्रींच्या यंत्रात नुसती खरखर झाली. त्यांनी ते बंद केलं आणि मुलांकडेच बघत राहिले. दुसऱ्या रांगेत दोन वेण्यांच्या मुलीच्या व्हायोलिनची घोडी कलली होती. ते हळूच गेले, वाकले, दोन बोटांनी ती सरळ केली. मुलीने पुन्हा गज ओढला. तिचे डोळे एवढे मोठे झाले आणि तिने मिस्त्रींकडे असं पाहिलं, जणू तो आवाज त्यांनीच खिशातून काढून दिला होता.

तास संपल्यावर सून समोर येऊन उभी राहिली.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग हं."

"भयंकर, बाबा. वीस मांजरांचं भांडण लागल्यासारखं."

मिस्त्री इतके मोठ्याने हसले की मुलं दारातून वळून बघायला लागली.

"मग झालं तर," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी असंच वाजायला हवं."