धाकटीची हजेरी

लॉन्ड्रीची सहा दुकानं आणि कपडे धुण्याचा एक कारखाना, मिळून त्रेसष्ट माणसं. त्यातलं कोण कुठल्या दुकानात किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे एकट्या मिनिटमामाला ठाऊक असायचं. हे नाव त्याला इस्त्रीवाल्या बायकांनी ठेवलं होतं. दुकानादुकानात चेहरा ओळखणारी यंत्रं होती आणि मामा कारखान्याच्या माडीवर संगणकासमोर बसून सगळ्यांची हजेरी बघायचा. कुणी एक मिनिट उशिरा आलं तरी त्याचा फोन जायचा. बाकी माणूस इतका गरीब की वाटेत झुरळ आलं तर हाच बाजूला व्हायचा.

त्रेसष्टांतलं एक नाव मात्र तो महिनाभर रोज सकाळी नव्या दुकानात टाकत होता. ते त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं. तिच्या नवऱ्याने तिच्याच हातातली गरम इस्त्री हिसकावून तिच्या दंडावर दाबून धरली होती, तेव्हा ती घर सोडून निघाली. पाच नंबरच्या काउंटरवालीने तिला आपल्या खोलीत जागा दिली. नवऱ्याने दुकानाबाहेर दबा धरून बसू नये म्हणून मामा तिला आज एकात, उद्या चारात, परवा दोनात पाठवायचा. पुन्हा ती नवऱ्याच्या हाती लागली तर जिवंत राहणार नाही, हे दोघा भावंडांना पक्कं माहीत होतं.

त्या सोमवारी कारखाना आठवड्याच्या सुट्टीमुळे बंद होता. दुकानं चालू होती, म्हणून मामा एकटाच माडीवर होता. पावणेदहाला जिना वाजला आणि दारात धाकटीचा नवरा उभा राहिला. मामाची पाचावर धारण बसली. आणि तरी, सवय बघा माणसाची, तो उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली.

"या दाजी, बसा."

"बसायला नाही आलो मेहुणे. बायको कुठंय माझी?"

"मला काय माहीत?"

दाजीने त्याचं डोकं मागून धरलं आणि टेबलावर आपटलं. मामाचा पुढचा दात तुटून कागदांवर पडला. मग दाजीने ड्रॉवर उघडला, मामाचा उजवा हात आत घातला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "दुकानं सहा आहेत. तुझी बोटं पाच. एक नंबरला आहे?"

ड्रॉवर धाडकन बंद झाला. करंगळी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"दोन नंबरला?"

मामा ओरडला, रडला, त्याने देवाचं नाव घेतलं, पण दुकानाचं नाव घेतलं नाही. दुसरं बोटही मोडलं. जन्मभर कुणासमोर ताठ उभा न राहिलेला हा माणूस त्या दिवशी पाचही बोटं देणार होता, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तेवढ्यात दाजीच्या खिशातला फोन वाजला. त्याने एका हाताने तो काढला आणि अडखळत मोठ्याने वाचला.

"आपल्या घरची व्यक्ती दहा वाजता... दुकान क्रमांक पाच येथे... कामावर हजर झाली."

मग तो हसायला लागला. "कशाला बोटं मोडून घेतलीस रे? तूच तर कळवतोयस!" त्याने मामाच्या पोटात एक लाथ घातली आणि जिना उतरून गेला.

मामाला जमिनीवर पडल्या पडल्या सगळं उमगलं. घरच्यांना दिलासा म्हणून माणूस कामावर पोचल्याचा संदेश घरी जावा, ही मालकांची कल्पना त्याच दिवशी सुरू झाली होती. त्यासाठी मामाने रविवारभर बसून त्रेसष्ट जणांचे घरचे नंबर भरले होते, तेही एक आकडा न चुकता! नंबर घेतले होते ते जुन्या अर्जांवरून. धाकटीचा अर्ज आठ वर्षांपूर्वी त्यानेच भरला होता आणि 'घरचा नंबर' या रकान्यात तिला न विचारता नवऱ्याचा नंबर टाकला होता. बाईचं घर म्हणजे नवरा, त्यात तिला विचारायचं ते काय? शहाण्या माणसाची अक्कल अशीच शेण खाते.

त्याने पाच नंबरला फोन लावला. काउंटरवालीने उचलला.

"शटर ओढ. धाकटीला मागे बसव. तिचा नवरा निघालाय तिकडे."

"अगं बाई! मामा, तुमचा आवाज असा काय येतोय?"

"दात पडलाय. तू आधी शटर ओढ."

मग त्याने पोलिसांना फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, घरगुती भांडण आहे ना, मग अर्ज घेऊन या. दुकानाचं शटर म्हणजे पातळ पत्रा. दोन लाथांत वाकलं असतं. मामा संगणकाकडे बघत राहिला. यंत्र बिघडलं तर हजेरी हाताने टाकायची सोय होती आणि ती फक्त त्याच्याकडे होती. अकरा वर्षांत त्याने खोटी हजेरी एकदाही टाकली नव्हती. त्याने डाव्या हाताने धाकटीला पाच नंबरवरून काढून कारखान्यात हजर केलं. खाली कारण लिहावं लागायचं. तिथे त्याने 'यंत्र बंद' असं लिहिलं. संदेश गेला. आता दाजी अर्ध्या वाटेवरून उलटा फिरणार होता आणि इथे त्याला मामाशिवाय कुणीही सापडणार नव्हतं.

मामा खाली आला. बॉयलरजवळची लोखंडी सळई त्याने डाव्या हातात घेतली आणि तो दाराआड उभा राहिला. आज मारायचं. दार उघडलं की मारायचं, मागेपुढे बघायचं नाही. तोंडात रक्त जमत होतं आणि तो ते गिळत होता.

मोटारसायकल आली. दार ढकलून दाजी आत शिरला. त्याची मान मामाच्या समोर होती, हाताच्या अंतरावर. मामाने सळई उचलली आणि त्याच्या तोंडून शब्द गेला, "दाजी..."

चौदा वर्षं ज्याला पाट, पाणी आणि मान दिला, त्याच्यावर हात टाकण्याआधी मेल्याने हाक मारली! दाजी वळला. सळई त्याने लहान पोराच्या हातून काढावी तशी काढून घेतली. पहिला फटका मामाच्या गुडघ्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. मामा धुण्याच्या दोन पिंपांमध्ये ओल्या जमिनीवर कोसळला. दाजीने सळई फेकली, त्याच्या गळ्यावर पाय दिला आणि हळूहळू भार टाकत म्हणाला, "कुठं लपवलीस? बोल."

मामाचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. त्याला दाजीच्या मागे मागचं दार उघडताना दिसलं आणि त्यातून धाकटी येताना दिसली. आपण मेलो, असंच त्याला वाटलं. पण ती खरीच आली होती. काउंटरवालीने भावाच्या आवाजाचं सांगितल्यावर शटर पडायच्या आत ती रिक्षा करून निघाली होती.

तिने हाक मारली नाही. इस्त्रीच्या टेबलांवर जड इस्त्र्या ओळीने ठेवलेल्या होत्या, त्यातली एक तिने उचलली. आठ वर्षं रोज दहा तास हेच वजन तिच्या मनगटाने पेललं होतं. तिने ती दाजीच्या कानामागे घातली. तो गुडघ्यांवर आला आणि मागे बघायला लागला, तेव्हा तिने समोरून घातली. तो आडवा झाला. मग ती त्याच्या छातीवर बसून मारत राहिली, दात आवळून, एकाच जागी. मामा सरपटत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं, तोवर मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोघंही तिथेच बसून धापा टाकत राहिले. आधी मामाचं डोकं चालू झालं, कारण ते एकाच गोष्टीत चालायचं.

"निघताना यंत्राला तोंड दाखवलंस?"

"नाही. तशीच पळाले."

"मग यंत्राच्या लेखी तू पाचातच आहेस. इथली हजेरी खोटी आहे, ती मी टाकली. याला इथे बोलवायला टाकली आणि मीच मारला. हे असंच सांगायचं. काउंटरवालीलाही."

"दादा, अरे तू जन्मात..."

"ऊठ. हात धू. गठ्ठ्यातला धुतलेला ॲप्रन घाल, तुझे कपडे पिशवीत घे आणि वाटेत जाळ. मागच्या दाराने पाचात परत जा. सहा वाजता नेहमीसारखं यंत्राला तोंड दाखवून घरी जा." बोलता बोलता त्याने इस्त्रीची मूठ ओल्या चादरीने पुसली आणि आपल्या मोडक्या हाताने घट्ट धरली. मग तो रडायला लागला. "दोनदा आली होतीस माझ्याकडे. दोन्ही वेळा मीच तुला परत धाडली. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणालो. एवढं तरी करू दे मला."

धाकटी नळाखाली हात धूत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तीनदा," ती म्हणाली.

"काय?"

"तीनदा आले होते. हात भाजला त्याच्या आदल्या रात्री दारापर्यंत आले होते. तू आत वहिनीला सांगत होतास, की ही परत आली तर दार उघडू नकोस. म्हणून बेल न वाजवता घरी गेले."

तिने हे रागाने म्हटलं नाही. तिने ॲप्रनचे बंद बांधले, पिशवी उचलली आणि मामाच्या कपाळावरचे रक्ताने चिकटलेले केस ओल्या हाताने मागे सारले. मग ती गेली. त्रेसष्ट माणसांचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा तिचा भाऊ तोंड उघडं टाकून त्या दाराकडे बघत राहिला.

ती मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो थांबला. मग त्याने पोलिसांना दुसऱ्यांदा फोन लावला. मघाचाच माणूस होता.

"मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा खून केलाय," मामा म्हणाला आणि त्याने कारखान्याचा पत्ता सांगितला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तिथे आणखी कोण आहे?"

"कुणी नाही साहेब," मामा म्हणाला. "सकाळपासून मी एकटाच आहे."