सोसिमोच्या वाटणीचं मोले

मेक्सिकोतल्या ओआहाकात जेवायचं कुठं, हे सोसिमोच्या टॅक्सीत बसून विचारावं. भाजलेलं मांस बाजारातल्या धुराच्या गल्लीत, मक्याची मोठी कुरकुरीत रोटी देवळामागच्या शेगडीवर, सगळं तोंडपाठ. फक्त काळ्या मोलेचं, त्या मिरची-चॉकलेटच्या रश्श्याचं नाव काढलं की स्वारी बगल द्यायची. "ते घरीच खावं," म्हणायचा आणि गाडी भलतीकडे वळवायचा.

अख्ख्या गावाला ठाऊक होतं, काळं मोले खावं ते बाजारात एर्मिलाच्या खाणावळीच्या बाकावर. सोसिमो तर तिच्या लेकीचा, यादिराचा, पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता; म्हणून एर्मिला त्याची कोमाद्रे. म्हणजे नातं सख्ख्याहून जवळचं. पण यादिराच्याच लग्नात या बाबाने भरल्या पंगतीत जीभ सैल सोडली.

"कोमाद्रे, मिरचीचं बी जरा जास्तच जाळलंस. पोरीला आजपासूनच कडू घास कशाला?"

मंडळी हसली. एर्मिला नाही हसली. काळ्या मोलेसाठी बी कोळसा होईस्तोवर जाळायचंच असतं, धुराने डोळ्यांचं पाणी खळेना तरी.

"कडू लागतंय ना? मग माझ्या बाकावर बसू नकोस," ती म्हणाली.

बस्स, गडी अडून बसला. कितीदा बाजाराच्या दारापर्यंत गेला, वासाने जीव कासावीस झाला, आणि परत फिरला. आधी तिने बोलवावं म्हणे. अरे, चूक तुझी, आणि बोलावणं तिने धाडायचं?

मग एर्मिला तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, तेव्हा रीतीप्रमाणे अंगणात पंगत बसली. मोले तिच्याच हातच्या उरलेल्या वाटणाचं. सोसिमो मान खाली घालून कोपऱ्यात बसला. यादिराने त्याच्यापुढं वेगळं ताट ठेवलं. त्यातला रस्सा तपकिरी होता.

"हे कुठलं गं?"

"तुमचंच, पाद्रिनो. वाटण करायला बसली की आई एक गोळा कमी जाळलेल्या बियांचा वेगळा काढायची. म्हणायची, ते गाढव कधीतरी येईल, तेव्हा पुन्हा कुरकुर नको."

"आणि मी यायचो नाही, तेव्हा?"

"पुढच्या खेपेला नवा करायची."

सोसिमोने घास घेतला. गोडसर, मऊ, कडूपणाचा मागमूस नाही. त्याला रडू आवरेना. शेजारच्यांच्या ताटांत तिचं ते काळंभोर मोले होतं.

"पोरी, त्यातलं थोडं उरलंय का गं?"

"संपलं, पाद्रिनो. आत्ताच भांडं खरवडलं."

त्याने आपलं ताट रोटीने पुसून स्वच्छ केलं.