जी हजरत

"मौलाना, अल्लाला मराठी येतं का?"

मौलानांना हे विचारून दाखव, अशी सोनी आणि मानसीने पैज लावली होती, आणि जुलेखा तडवी पैजेला मागे हटणाऱ्यातली नव्हतीच. नव्वद साली नववीत पहिली आल्यापासून तर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. कारखान्यांच्या आमलीतल्या मशिदीच्या पायरीवर नमाजाआधीचा वजू करून हात पुसणारे मौलाना थबकले. बिहारहून आलेला माणूस, मराठीचा गंध नाही. जुलेखाने शाळेतल्या हिंदीत पुन्हा विचारलं. कोपऱ्यावर मैत्रिणींची खिदळाखिदळ चाललेली.

"उसे सब आता है, बेटी," मौलाना हसले. "मुझे नहीं आता." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हारी चाची को सब्र आया?"

हुरमतकाकीचं बाळ मेलेलंच जन्मलं, त्याला वर्ष होत आलं होतं. नमाज न पढताच त्याला माती दिली. का, ते मौलानांनी घरी येऊन समजावलं होतं, भारी उर्दूत, बराच वेळ. घरची सगळी यावलकडून कामाला आलेली, मराठीच बोलणारी. मौलानांना उलट विचारणं म्हणजे बेअदबी. सगळे आपले माना डोलवत राहिले, "जी हजरत, जी हजरत."

आज जुलेखाने तेच सगळं पुन्हा विचारलं. शब्द अडला की "मतलब?" पुन्हा "मतलब?" मौलाना वैतागले नाहीत. मैत्रिणींना तिथंच सोडून ती घरी पळाली.

"काकी, अगं, जे जन्मताना रडलंच नाही त्याचा नमाज नसतो. पण म्हणून ते टाकलेलं नसतं! तेच तुझं बोट धरून तुला जन्नतमध्ये नेणार. त्याचं नाव ठेवा, असंही म्हणाले होते मौलाना!"

भाकरी थापणारे काकीचे हात थांबले.

"नाव ठेवायचं होतं?" ती म्हणाली. "वर्षभर रडले जुले, पण हाक काय मारू तेच कळेना."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

"बा, तू तर होतास ना तिथं?"

"मला कंपनीपुरतं हिंदी येतं पोरी. मशीन बंद कर, माल उचल." बापाने मान वर केली नाही. "वाटलं, तुझ्या आईला समजलं."

"आणि मला वाटलं, तुम्हाला," आई म्हणाली.

काकी पदर तोंडात कोंबून मागच्या दारी गेली.

जुलेखाचा तोरा पार उतरला होता. तरी ती दोघांपुढे उभी राहिली. "दर जुम्म्याला मी मौलानांकडे जाणार. ते बोलतील ते खोदून खोदून विचारणार आणि आळीतल्या बायकांना मराठीत सांगणार. तुम्ही नको म्हणालात, तरी जाणार."