हेरॉनचं कुलूप

शिडाच्या दोराला कुलूप घालायची कप्तान निकर्सनची जुनी खोड. आपण खाली झोपलो की हाताखालच्या अधिकाऱ्यानं, मेटनं, घाबरून शीड उतरवू नये, म्हणून डोलकाठीच्या बुंध्याशी साखळी न् कुलूप, आणि किल्ली ह्याच्या गळ्यात. त्या जोरावर त्याच्या 'सिल्व्हर हेरॉन' जहाजानं सोन्यासाठी पिसाटलेली माणसं सॅन फ्रान्सिस्कोला सगळ्यांआधी नेली, मग कँटनचा चहा आणला. बॉस्टनभर हा मिशीला तूप लावून हिंडायचा.

पण जहाजाची कंबर लाकडाची. तिनं वेग दिला तो सांधे खिळखिळे करून. चहा गेला, पाखरांच्या विष्ठेचं खत आलं. खतही गेलं, आता पोटात ओंडके आणि झिरपलेलं पाणी उपसायला अष्टौप्रहर पंप. कप्तानाच्या लेखी ती अजून नवरीच! 'जुन्या वेळेचा विक्रम मोडूनच बॉस्टन गाठीन,' अशी गुत्त्यात बढाई मारून तो निघाला होता. याच जहाजावर पंधरा वर्षं संसार केलेली त्याची बायको हिटी तेव्हापासून धुमसत होती.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नपाशी वादळानं गाठलं. मेट क्रॉसबी केबिनीच्या दारात टोपी पिळत उभा राहिला.

"कप्तान, सांध्यांतून पाणी उसळतंय. वरचं शीड उतरवू द्या."

"क्रॉसबी, तू न्हाव्याकडं लाग. तिथं हात थरथरला तर फार तर एखादा कान जाईल!"

"इथं सगळेच जातील," हिटी म्हणाली. "किल्ली द्या."

"तू तुझं शिवण बघ. जहाज माझं आहे."

"जहाज मालकांचं. मढी तेवढी तुमची!"

तो पाठ फिरवून हसला, तिथं चुकला. हिटीनं शिवणाची कात्री त्याच्या मानेमागं घातली. गळा चिरतेय या भीतीनं कप्तान पुतळा झाला. कचकन किल्लीची दोरी तुटली आणि किल्ली क्रॉसबीकडे उडाली.

शीड उतरलं. हेरॉन कण्हत, रखडत, फार उशिरा बॉस्टनला लागली. मालकांनी तळ पाहिला, नाकं मुरडली आणि कोळसा वाहणाऱ्याला ती विकून टाकली. तो ती आगबोटीमागं बांधून ओढणार होता, त्याला शिडं नकोच होती. डोलकाठ्यांवर करवत चालली.

"नाक कापलंस माझं!" कप्तान भर धक्क्यावर ओरडला. "तुझ्यामुळं हिच्या डोलकाठ्या गेल्या!"

"मी दोरी कापली. डोलकाठ्या तुम्ही पंधरा वर्षं कापत होता."

मागं पहिली डोलकाठी कोसळली. जहाजावरची सगळीच्या सगळी माणसं जिवंत, धक्क्यावर उभी राहून ती पाहत होती. कप्तानानं तेवढं पाहिलं नाही.