गोविंदाशेटची मागे जाणारी तारीख

हमरापूरला गिरजाबाईंच्या गणपती कारखान्यात त्या दिवशी मूर्तींपेक्षा माणसं जास्त होती. सगळे संगणकापुढे हात जोडून उभे. पडद्यावर अँटिव्हायरसची लाल खूण: ‘अपडेट झाले नाही.’ कोपऱ्यातली तारीख जुनी, गिरजाबाईंचे यजमान गोविंदाशेट हयात असतानाची.

“रोज सकाळी तो त्याच तारखेला परत येतो!” पुंडलिक भगत गरजला. “लाल खूण म्हंजे त्याचा राग. अपडेट केलंत तर आत्मा हाकलला जाईल. यंत्र माझ्या मठात ठेवा, अमावास्येला त्याला बोलता करतो.”

आत्म्याची भाषा जाणणाऱ्या भगताने माउस मात्र उलटा धरला होता.

“खरंच बोलतील?” गिरजाबाईंनी विचारलं. मुलगा धाटावला कंपनीत, सुट्टीलाही फिरकत नाही. घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. गोविंदाशेटचे सगळे फोटो त्याच यंत्रात, आणि बाई ते देऊन टाकायला निघालेल्या. मला संताप आला आणि रडूही.

मी पेणच्या शाळेत संगणक शिकवते. विचारलं, “कारखाना बंद करताना काय करता?”

“मेन स्विच पाडते. रंगाचं थिनर हाय, आग नको. ह्यांचाच नेम. आता काम नाय, तरी पाडते.”

मी संगणक उघडून आतला बटणाएवढा सेल दाखवला. वीज नसताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपलेला, म्हणून मेन पाडला की तारीख मागे, यंत्र बनलं त्या दिवसावर. तारीख चुकीची असली की अँटिव्हायरसची सुरक्षित जोडणी होत नाही, अपडेट अडतं. नवा सेल घातला, तारीख लावली, मेन पाडून चढवला. तारीख हलली नाही. अपडेट झालं. जुना सेल घालून पुन्हा मेन पाडला, तर तीच जुनी तारीख, गोविंदाशेट हजर!

“बाबा, अजून एकदा बोलवू?” मी भगताला विचारलं.

हशा पिकला. भगत चपला शोधू लागला.

गर्दी पांगल्यावर मी नवा सेल पक्का बसवला. गिरजाबाई आजची तारीख बघत राहिल्या.

“मंग हे येत नव्हते, बाई?”

“नाही. त्यांचा नेम तुम्ही पाळत होतात, तेवढंच.”

“आता मशिनीलाबी कळलं, हे नाय.”

मी गोविंदाशेटचे फोटो उघडले, दोघी बघत बसलो.

अपडेट अडलं तर आधी तारीख बघा, सेल बदला, भगताला बोलावू नका. आणि शेजारी कुणी एकटं असेल, तर भगत पोचायच्या आधी तुम्ही जा. गिरजाबाई मेन पाडतात त्या वेळेला हल्ली मी अधूनमधून जाते.