डोळ्यात तेल

पहारेकऱ्याने यंत्राच्या खाचेत हनुवटी टेकवली आणि बायकोने त्याची मान मागून धरली, पळून जाऊ नये म्हणून.

"काकू, हात काढा. चित्र हलतं," यंत्रामागची तपासनीस मुलगी म्हणाली.

बायकोने हात काढला, नजर काढली नाही. या यंत्रावर तिचा विश्वास नव्हता; मुलीवर तर नव्हताच. गोदामातून पंख्यांची सात खोकी गेली होती. कॅमेरे नुसते दाखवायचे, साठवून ठेवायचं काम नवऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेलं होतं. मॅनेजरचं म्हणणं, हा ड्युटीवर झोपतो. "डोळे तपासून आण, मग नोकरीचं बघू," असं म्हणून त्याने धाडलं होतं. म्हणजे या पोरीला आधीच फोन गेला असणार.

"आता जमेल तितका वेळ पापणी मिटू नका, काका."

लोक दहा सेकंदांत हात टेकतात. पहारेकऱ्याचं दीड मिनिट झालं तेव्हा मुलीनेच घड्याळ बंद केलं. मग भुलीचा थेंब घातला आणि लेसरचं भिंग बुबुळाला टेकवलं. स्क्रीनवर जाळी उमटली, मध्ये सुतासारख्या नसा.

"आत काय काय दिसतं गं?" बायकोने विचारलं.

"पेशी. नसा. त्याआधी अश्रूंचा थर पाहिला."

"आणि यांनी काय काय पाहिलंय, ते?"

"ते नाही दिसत, काकू."

"नक्की?" हे मात्र नवऱ्याने विचारलं.

मुलीने भिंग मागे घेतलं. "यांच्या डोळ्यात तेलच नाहीये."

बायको ताडकन उठली. "कोण म्हणतं? मॅनेजरने पढवलंय ना तुला? सोळा वर्षं माझा नवरा डोळ्यात तेल घालून पहारा देतोय!"

"अहो, खरं तेल. अश्रूंवर पातळ थर असतो त्याचा. पापणी मिटली की तो पसरतो. काका मिटतच नाहीत. स्क्रीनकडे एकटक बघून बघून बुबुळ वाळलंय."

"म्हणजे झोपत नाहीत?"

"झोपणं सोडा, हे डोळा मिटायलाच विसरलेत."

"लिहून दे. शिक्का मार."

शिक्क्याचा कागद हातात येताच बायकोचा आवाज चढला. "आता बोलू दे मॅनेजरला! चोराचं बोटसुद्धा यांच्या नजरेतून सुटायचं नाही!"

मग स्वतःचंच बोलणं तिच्या कानावर पडलं. नवरा वाकून बुटाची नाडी बांधू लागला होता. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खोकी जाताना दिसली तुम्हाला?"

"दिसली."

"कोण होतं?"

"तोंड झाकलेलं होतं." तो बुटाशीच बोलला. "पण चाल तुझ्या माहेरची होती."

माहेरचं या गावात एकच माणूस होतं. गेल्या वर्षी तिनेच हातापाया पडून धाकट्या भावाला गोदामाच्या टेम्पोवर लावलं होतं.

तिने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग मुलीच्या टेबलाशी गेली आणि आवाजात भलतीच माया आणून म्हणाली,

"बाळा, यांना बसल्या बसल्या डुलकी लागते, असं कुठे लिहिता येतं का गं?"